मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं म्हणून ‘पडदा’ जातो का? सीमाभागातली भीती आणि अभ्यासांचा हिशेब

बेळगाव : डोळे तपासणी शिबिराचा फलक गावात लागला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, सकाळी सातलाच रांगेत उभी राहणारी. दुसरी, घरच्यांनी कितीही सांगितलं तरी न जाणारी. न जाणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शेजारच्या कुणाचं तरी ऑपरेशन झालं, चार-सहा महिने बरं दिसलं, मग मधोमध काळं दिसायला लागलं, डॉक्टर म्हणाले पडदा खराब झालाय. म्हणजे ऑपरेशननंच पडदा गेला. खानापूर, निपाणीपासून बिदरकडच्या भालकी-औरादपर्यंत हा समज सारखाच ऐकायला मिळतो, फक्त बोली बदलते.

आता हा विषय पुन्हा वर येण्याचं कारण आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झालं. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आयुष्मान योजनेच्या राष्ट्रीय यादीत आहे. म्हणजे पैशामुळे थांबलेली बरीच ज्येष्ठ मंडळी आता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचू शकतात. आणि नेमकं हेच वय पडद्याच्या त्या आजाराचंही आहे. ऑपरेशनं वाढतील तशा ‘ऑपरेशननंतर पडदा गेला’ या कहाण्याही वाढणार, मग ऑपरेशनचा दोष असो वा नसो. त्यामुळे दोष आहे की नाही, हे नीट पाहिलेलं बरं.

आधी दोन्ही आजार वेगळे करून घेतले पाहिजेत. मोतीबिंदू हा डोळ्याच्या पुढच्या भागातला, नैसर्गिक भिंगाचा आजार. भिंग गढूळ होतं, उजेड आत नीट जात नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवली की काम झालं. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचं अस्तर. त्याच्या मधोमध जो छोटा भाग असतो त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, नोटेवरचा आकडा बघणं, ही सगळी बारीक कामं तो करतो. वय वाढेल तसा काहींच्या मॅक्युलाखाली पिवळसर ठिपके साठतात आणि तिथल्या पेशी झिजत जातात. यालाच वयोमानानुसार होणारी मॅक्युलाची झीज म्हणतात. तिचे उशिराचे प्रकार दोन. ‘कोरड्या’ प्रकारात पेशी हळूहळू, वर्षानुवर्षं मरत जातात. ‘ओल्या’ प्रकारात मॅक्युलाखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मधली नजर जाऊ शकते. कडेची नजर मात्र राहते. म्हणून असा माणूस घरात वावरतो, भिंतीला धडकत नाही, पण नातवाचा चेहरा ओळखत नाही. घरच्यांना वाटतं, सोंग करताहेत.

दोन्ही आजार म्हातारपणाचे. दोन्हींत नजर हळूहळू कमी होते. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

शंका आली कुठून?

ही शंका केवळ गावगप्पा नाही, एवढं आधी मान्य करायला हवं. डोळ्यांच्या डॉक्टरांमध्येच ती बरीच वर्षं होती, आणि तिला मोठ्या अभ्यासांचा आधार होता.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या ४३ ते ८४ वयाच्या रहिवाशांचे डोळे १९८८ ते १९९० या काळात तपासले गेले आणि नंतर ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासले गेले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात १९९२ पासून तसंच काम झालं. २००३ मध्ये या दोन्ही अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून मांडली गेली. निष्कर्ष धक्का देणारा होता. सुरुवातीलाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत पुढच्या पाच वर्षांत मॅक्युलाची गंभीर झीज होण्याची शक्यता ऑपरेशन न झालेल्या डोळ्यांच्या पाच-सहापट निघाली. वय, धूम्रपान वगैरेंचा हिशेब धरूनही. दहा वर्षांच्या पाहणीतही फरक तिप्पट-चौपट राहिला.

असाच धागा आपल्या शेजारीही सापडला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने १९९६ ते २००० या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात १० हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले. चार भाग निवडले होते : हैदराबाद शहर, पश्चिम गोदावरी, महबूबनगर आणि आदिलाबाद. आदिलाबाद म्हणजे यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेला, मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेला जिल्हा. या पाहणीतही आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांत मॅक्युलाची झीज जास्त दिसली. जोडीला आणखी एक गोष्ट दिसली, चिरूट जास्त ओढणाऱ्यांत हा आजार जास्त होता. तिकडे त्याला चुट्टा म्हणतात.

कारणही पटण्यासारखं सांगितलं जात होतं. म्हाताऱ्या माणसाचं नैसर्गिक भिंग पिवळसर झालेलं असतं, ते निळा आणि अतिनील प्रकाश बराच अडवतं. ते काढलं की पडद्यावर जास्त उजेड पडतो. शिवाय कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर थोडी सूज येते, ती सूज मागच्या पडद्याला सोसली नसेल. दोन्ही तर्क ऐकायला सरळ. त्यामुळे दोन हजारच्या दशकात कित्येक डॉक्टर मॅक्युलाची झीज असलेल्या रुग्णाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ‘थोडं थांबू या’ म्हणत असत, त्यात नवल नाही.

पाचपट म्हणजे किती?

इथे एक आकड्यांची गोष्ट. ‘पाचपट’ हा शब्द ऐकला की माणूस दचकतो. पण कशाच्या पाचपट, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. बीव्हर डॅम आणि ब्लू माउंटन्समध्ये ऑपरेशन न झालेल्या डोळ्यांत पाच वर्षांत गंभीर झीज होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी होतं. त्याच्या पाच-सहापट धरलं तरी शंभरातल्या चौऱ्याण्णवहून जास्त डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

भारतातलं चित्र बघायचं तर हरियाणा आणि पुदुच्चेरी-तमिळनाडू भागात ६० वर्षांवरील लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात मॅक्युलाची गंभीर झीज साधारण १.२ टक्के लोकांत आढळली. पाचशे ज्येष्ठ असलेल्या मोठ्या गावाला हे प्रमाण लावलं तर सहा जण. त्याच गावात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले किंवा व्हायला हवेत असे लोक याच्या कितीतरी पट निघतील. साहजिकच त्या सहांपैकी तीन-चार जणांचं ऑपरेशन झालेलं असणारच. गावाला ते तिघं-चौघं लक्षात राहतात. ज्यांना ऑपरेशननंतर स्वच्छ दिसायला लागलं, ते शेतात कामाला गेलेले असतात, त्यांची गोष्ट कोण सांगत बसतो?

योगायोग एवढ्यावरच संपत नाही. जुन्या अभ्यासांत तीन घोटाळे होण्याची शक्यता होती आणि पुढे संशोधकांनीच ते दाखवून दिले.

पहिला घोटाळा झाकलेल्या आजाराचा. मोतीबिंदू दाट असेल तर डॉक्टरलाही मागचा पडदा नीट दिसत नाही, फोटोतही येत नाही. गढूळ काचेतून खोलीतल्या भिंतीची भेग दिसत नाही तसं. काच बदलली की भेग दिसते, म्हणजे काच बदलणाऱ्याने भेग पाडली असं होत नाही. अमेरिकेत एका गटाने मॅक्युलाची झीज असलेल्या रुग्णांची ऑपरेशनआधी आणि ऑपरेशननंतर आठवड्याभरात डाय टाकून पडद्याची छायाचित्रं काढली, मग वर्षभर पाठपुरावा केला. त्यातून दिसलं की ऑपरेशननंतर ‘वाढलेल्या’ आजारापैकी काही आजार मुळात आधीचाच होता, मोतीबिंदूमागे लपलेला. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. ऑपरेशनने आजार वाढतो असा पुरावा त्यात मिळाला नाही.

दुसरा घोटाळा तपासणीचा. ज्या दुकानाची तपासणी जास्त, त्याच्याच वहीत चुका जास्त सापडतात. ऑपरेशन झालेला माणूस तपासणीला चार वेळा जातो, चष्म्याचा नंबर काढायला जातो, त्याचा पडदा कुणीतरी बघतं. न गेलेल्याचा पडदा कुणीच बघत नाही. आजार दोघांनाही असू शकतो, नोंद एकाचीच होते.

तिसरा घोटाळा जास्त खोल आहे. कुणाचं ऑपरेशन लवकर होतं? ज्याची नजर जास्त कमी झाली त्याचं. पण नजर कमी होण्यामागे मोतीबिंदू थोडा आणि मॅक्युलाची सुरुवातीची झीज थोडी, असं दोन्ही असेल तर? तो माणूस ‘दिसत नाही’ म्हणून आधी टेबलावर जाणार. म्हणजे आजार ऑपरेशनमुळे नाही, आजारामुळे ऑपरेशन. हैदराबादच्या पाहणीसारख्या अभ्यासात, जिथे एकाच वेळी सगळं तपासलं जातं, तिथे आधी काय झालं आणि मागाहून काय, हे सांगता येत नाही. शिवाय धूम्रपान आणि वय ही कारणं दोन्ही आजारांची समाईक आहेत.

नंतरचे अभ्यास काय सांगतात

घोटाळे टाळायचे तर एकाच माणसाचे दोन डोळे तुलनेला घेणं सोपं. वय तेच, विडी-सिगारेट तीच, खाणंपिणं तेच, आईबापांकडून आलेले गुण तेच. सिडनीत असा अभ्यास झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं न झालेलं, अशा लोकांना तीन वर्षं पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात गंभीर झीज जास्त झाली असं दिसलं नाही.

त्याहून वजनदार पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या दोन मोठ्या अभ्यासांतून आला. या अभ्यासांचा मूळ उद्देश वेगळा होता, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मॅक्युलाची झीज थांबते का हे पाहायचं होतं. पण त्यात भाग घेणाऱ्यांचे पडद्याचे फोटो दरवर्षी, ठरलेल्या पद्धतीने, प्रशिक्षित नजरेखाली काढले जात होते. ऑपरेशन होण्याआधी पडदा कसा होता, हे कागदावर होतं. बीव्हर डॅममध्ये पाच-पाच वर्षांच्या अंतराने होणारी तपासणी आणि ही दरवर्षीची तपासणी, यात फरक पडतोच.

पहिल्या अभ्यासात ४,७५७ लोक होते. त्यातल्या मोतीबिंदू ऑपरेशनांचा हिशेब २००९ मध्ये मांडला गेला : गंभीर झीज वाढण्यावर ऑपरेशनचा ठळक परिणाम नाही. दुसऱ्या अभ्यासाचा हिशेब २०२२ मध्ये आला. साधारण नऊ वर्षांचा पाठपुरावा, आणि ऑपरेशन झालेल्या व न झालेल्या डोळ्यांतल्या धोक्याचं गुणोत्तर ०.९६. गुणोत्तर एक म्हणजे दोन्हीकडे धोका सारखा. ०.९६ म्हणजे व्यवहारात सारखाच. पाच-सहापटीचा आकडा इथे कुठेच उरला नाही. आणि हे लोक साधे नव्हते, मॅक्युलाची झीज आधीच सुरू झालेले, म्हणजे सर्वांत नाजूक डोळ्यांचे होते. ऑपरेशनने पडदा बिघडायचा असता तर यांच्यात आधी बिघडला असता.

मग प्रश्न कायमचा मिटला का? शंभर टक्के नाही. औषधाच्या चाचणीसारखी, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचं ऑपरेशन लगेच आणि निम्म्यांचं मागाहून, अशी चाचणी या बाबतीत फार लहान झाली आहे. कॉक्रेन या नावाजलेल्या आढावा मंडळाला २०१७ पर्यंत अशा दोनच चाचण्या मिळाल्या, दोन्ही मिळून ११४ रुग्ण. त्यात लगेच ऑपरेशन झालेल्यांना सहा महिन्यांनी जास्त चांगलं दिसत होतं, पण पुढे आजार वाढतो की नाही हे सांगायला आकडे पुरेसे नव्हते. मोठी चाचणी होणंही अवघड. दिसत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुमची चिठ्ठी उशिराची निघाली, पाच वर्षं थांबा’ असं कोणता डॉक्टर सांगेल? त्यामुळे जो पुरावा आहे त्यावरच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो पुरावा आज ऑपरेशनच्या बाजूने झुकलेला आहे. जिथे मॅक्युलाची झीज आधीच आहे, तिथेही मोतीबिंदू काढल्यावर नजर काही प्रमाणात सुधारते, हे त्याच अमेरिकन अभ्यासांत नोंदलेलं आहे. सुधारणा पूर्ण नसते. मधला काळा डाग जात नाही, पण भोवतालचं धुकं जातं.

न करण्याचीही किंमत असते, ती मोजली जात नाही. इंग्लंडमध्ये ७० वर्षांवरील ३०६ महिलांवर चाचणी झाली होती, २००५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्यांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं, त्यांच्यात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींची सेवा ज्या घरात झाली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि देशाच्या २०१५-१९ च्या अंधत्व सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरील लोकांतल्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा आहे, म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराचा. मॅक्युलाच्या भीतीने मोतीबिंदू पिकवत ठेवणं हा तोट्याचा सौदा आहे.

तरीही ‘पडदा गेला’ असं का ऐकू येतं?

कारण आपल्याकडे ऑपरेशननंतर कमी दिसण्याची सगळी कारणं ‘पडदा’ या एकाच शब्दात टाकली जातात. प्रत्यक्षात ती वेगवेगळी आहेत आणि काहींवर सोपा इलाज आहे.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे बसवलेल्या लेन्सच्या मागची पातळ पिशवी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गढूळ होणं. लोक म्हणतात ‘मोतीबिंदू परत आला’. तो परत येत नसतो. लेसरने काही मिनिटांत ती पिशवी मधोमध मोकळी करता येते, टाका नाही, भरती होणं नाही. या कारणाने कमी दिसणारा माणूस ‘माझा पडदा गेलाय’ म्हणून घरी बसून राहिला, तर ती सरळ फुकट घालवलेली नजर.

दुसरं, ऑपरेशननंतर काही आठवड्यांत मॅक्युलाला येणारी सूज. ही बहुतेकांत थेंबांनी उतरते. मधुमेह असणाऱ्यांत मात्र प्रकरण वेगळं. मधुमेहाने पडदा आधीच खराब असेल तर ऑपरेशननंतर ती सूज वाढू शकते, हे डॉक्टर मान्य करतात. गावातल्या समजुतीचा थोडासा खरा भाग कदाचित इथला असावा. साखर वाढलेली, पडदा न तपासलेला आणि शिबिरात नाव लागलं म्हणून ऑपरेशन झालेलं, असा रुग्ण दोन महिन्यांनी ‘ऑपरेशननं वाटोळं केलं’ म्हणाला तर त्याला अडाणी ठरवून चालणार नाही. फक्त तो मधुमेहाचा पडदा आहे, वयाच्या झिजेचा नव्हे. इलाजही वेगळा आहे.

तिसरं कारण ज्याच्याबद्दल हा लेख आहे ते. मॅक्युलाची झीज आधीपासून होती, मोतीबिंदूमागे झाकली होती, ऑपरेशनआधी कुणी बघितली नाही किंवा बघता आली नाही, आणि रुग्णाला कुणी सांगितलं नाही. दोष असलाच तर तो सुरीचा नाही, न सांगण्याचा आहे. ‘काका, भिंग बदलतो, पण मागचा पडदा थोडा झिजलेला आहे, वाचायला पहिल्यासारखं येणार नाही’ एवढं वाक्य ऑपरेशनआधी घरच्यांसमोर बोललं गेलं, तर मागाहूनचे निम्मे वाद होणार नाहीत.

पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब आणि अर्धा तास वेळ लागतो. मोतीबिंदू मध्यम असेल तर एवढ्यात बरंच कळतं. शंका आली तर ओसीटी स्कॅन, त्यात मॅक्युलाचे थर उभ्या कापासारखे दिसतात. मोतीबिंदू अगदी पिकलेला असेल तर दोन्ही चालत नाही, मग सोनोग्राफीने पडदा जागेवर आहे का एवढंच कळतं. अशा रुग्णाचा पडदा ऑपरेशननंतर आठवड्या-पंधरवड्यात परत बघणं हाच मार्ग. पिकू देऊ नका, असं डॉक्टर सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

अडचण अशी की शिबिराचा जमाखर्च डोळ्यांत नाही, ऑपरेशनांत मांडला जातो. या भागाला शिबिरांची परंपरा मोठी. आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या बिळगीत जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी गावोगाव फिरून शिबिरं घेत, १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. घराघरांतल्या जुन्या माणसांना ते नाव माहीत आहे. त्या काळी प्रश्न इतका मोठा आणि हात इतके थोडे, की आकडा हाच पराक्रम होता. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तोही बराच काळ ऑपरेशनांच्या उद्दिष्टावर चालला. आता तंबूतली ऑपरेशनं बंद आहेत. शिबिरात फक्त निवड होते, ऑपरेशन रुग्णालयात. पण फलकावर आणि बातमीत आजही ‘इतक्या रुग्णांवर यशस्वी शस्त्रक्रिया’ हाच मथळा असतो. यशस्वी म्हणजे काय, दोन महिन्यांनी किती जणांना किती दिसत होतं, ते छापून येत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये नवीन मापदंड स्वीकारला आहे : किती ऑपरेशनं झाली हे नव्हे, तर गरज असलेल्यांपैकी किती जणांना ऑपरेशननंतर चांगलं दिसू लागलं. २०३० पर्यंत हे प्रमाण ३० टक्के अंकांनी वाढवायचं असं ठरलं आहे. जिल्ह्यांचे आकडे या पद्धतीने मांडले गेले तर पडदा न बघता केलेलं ऑपरेशन आपोआप उघडं पडेल.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. चिकोडी-निपाणीचा रुग्ण डोळ्यांसाठी कोल्हापूर-मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला किंवा गोव्याला, औरादचा उदगीर-लातूरला किंवा हैदराबादला. ऑपरेशन एका राज्यात, पाठपुरावा दुसऱ्या राज्यात, किंवा कुठेच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने त्याला विरोध केला, आणि वाद सेवा केंद्रांपर्यंत गेला. राजकारण काय ते होत राहील. रुग्णाच्या दृष्टीने परिणाम एवढाच की कुठलं कार्ड कुठे चालतं याच्या चौकशीतच वेळ जातो. ओल्या प्रकारच्या झिजेत तो वेळ नसतो. तिच्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, दर महिन्या-दोन महिन्याला घ्यावी लागतात. मूळचं कर्करोगावरचं बेव्हॅसिझुमॅब हे स्वस्त औषधही महागड्या इंजेक्शनाइतकंच काम करतं, हे अमेरिकेतल्या २०११ च्या मोठ्या तुलनेत दिसलं. २०१५ पासून रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटही मिळते. इलाज आहे, पण तो वारंवार पोचावा लागतो, आणि नेमका तिथेच राज्याच्या हद्दीतून जाणारा रुग्ण गळतो.

विक्रीच्या टेबलावरच्या दोन गोष्टी. ऑपरेशन ठरताना पिवळसर छटेची, निळा प्रकाश अडवणारी लेन्स ‘पडद्याच्या संरक्षणासाठी’ म्हणून जादा पैसे घेऊन सुचवली जाते. कॉक्रेनने २०१८ मध्ये अशा लेन्सवरच्या ५१ चाचण्या पाहिल्या; त्यांनी मॅक्युलाचं रक्षण होतं असं ठरवता येईल इतका पुरावा सापडला नाही. साध्या लेन्समध्येही अतिनील किरण अडवण्याची सोय हल्ली असतेच. ज्याला परवडतं त्याने हवी ती घ्यावी, पण त्यासाठी कर्ज काढू नये. दुसरी, जीवनसत्त्वांच्या गोळ्या. मॅक्युलाची झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांत किंवा एका डोळ्यात गंभीर झालेल्यांत त्या गोळ्यांनी पुढे जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला, हे २००१ च्या त्या अमेरिकन अभ्यासात सिद्ध झालं. पण ज्याला झीजच नाही किंवा अगदी सुरुवातीची आहे, त्याला त्यांचा उपयोग दिसला नाही. ‘डोळ्यांसाठी चांगल्या’ म्हणून सरसकट सगळ्यांनी घ्यायच्या त्या गोळ्या नव्हेत. जुन्या सूत्रातलं बीटा कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं, म्हणून २०१३ नंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन आलं. औषध दुकानात बाटलीवरचं लेबल वाचून घेण्याजोगी गोष्ट आहे ही, विशेषतः निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत.

आणि तंबाखूचा विषय निघालाच आहे तर, मॅक्युलाच्या झिजेत वयाखालोखाल ज्याचा हात सगळ्यांत पक्का सिद्ध झाला आहे, आणि जो आपल्याला बदलता येतो, तो म्हणजे धूम्रपान. धूम्रपानाबद्दलचा निष्कर्ष बीव्हर डॅमपासून हैदराबादपर्यंत एकाच दिशेला जातो, ऑपरेशनबद्दलचा तसा जात नाही. तरी शिबिराच्या रांगेत ऑपरेशनला घाबरणारे आजोबा कानामागची विडी काढून पेटवताना दिसतात.

ज्यांच्या घरात ऑपरेशनची तारीख ठरली आहे, त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : मागचा पडदा दिसला का, आणि त्यात काही आढळलं का. उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावं. आभा क्रमांकाला ती नोंद जोडली तर सीमेपलीकडच्या डॉक्टरलाही ती बघता येते. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर दर आठवड्याला एक-एक डोळा झाकून खिडकीच्या गजाकडे किंवा कॅलेंडरच्या चौकटींकडे बघावं. सरळ रेषा वाकडी, तुटकी किंवा मधोमध पुसल्यासारखी दिसली, तर दुसऱ्या डोळ्याच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे जावं.